सांधलेली मान आणि बरे होण्याची मुदत

श्रीनगर–कन्याकुमारी आणि पोरबंदर–सिल्चर हे देशाच्या चार टोकांना जोडणारे दोन महामार्ग ज्या ठिकाणी एकमेकांना छेदतात, ते शहर म्हणजे झाशी. दिल्लीहून मुंबईकडे आणि चेन्नईकडे जाणाऱ्या अनेक गाड्याही याच स्थानकावरून जातात. महाराष्ट्राला झाशीची ओळख आहे ती नेवाळकर घराण्यामुळे आणि १८५७ च्या संग्रामामुळे. आरोग्यसेवेच्या नकाशावर मात्र हे शहर वेगळ्या कारणाने महत्त्वाचे ठरते. ललितपूर, जालौन, महोबा हे उत्तर प्रदेशातील आणि दतिया, टीकमगड, निवाडी हे शेजारच्या मध्य प्रदेशातील जिल्हे. तेथील गंभीर रुग्ण १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वळतात.

बुंदेलखंड हा दगडाचा, कोरडवाहू शेतीचा आणि लांबून पाणी आणण्याचा प्रदेश. खाणींतील आणि खडी केंद्रांवरील मजूर, रेल्वे स्थानकावरील हमाल, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या स्त्रिया, महामार्गावरील अपघातात सापडलेले मोटारसायकलस्वार. मानेच्या मणक्यांवर ताण किंवा आघात होण्याची कारणे येथे रोजच्या जगण्यातच आहेत. मान दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांना औषध, काही दिवसांची विश्रांती आणि व्यायाम पुरेसे होतात. थोड्यांना शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यांपैकी पुष्कळांवर केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे मानेचे दोन किंवा अधिक मणके एकमेकांस कायमचे सांधणे. वैद्यकीय व्यवहारात तिला ‘फ्यूजन’ असे म्हणतात.

शस्त्रक्रियेचे नाव ऐकताच रुग्णाच्या घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हा, की कामाला कधी लागता येईल? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे. कित्येक महिने अंथरुणावर, तीन महिने प्लास्टरमध्ये, सहा आठवडे कॉलर लावून आणि आता दुसऱ्याच दिवशी पायांवर उभे, असा हा प्रवास आहे. मुदत कमी होत गेली, हे खरेच. परंतु या शस्त्रक्रियेने काय परत मिळते आणि काय मिळत नाही, याविषयीचा गोंधळही त्याबरोबर वाढला. मुदत नेमकी कशाची कमी झाली, हे समजून घेतल्यास तो गोंधळ बराच दूर होऊ शकतो.

कलम आणि त्याची बांधणी

मानेत सात मणके असतात. वरचे दोन वगळता प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते. मणक्यांच्या मागील बाजूच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंना मज्जातंतूंची मुळे बाहेर पडतात. त्यांतूनच हातांना बळ आणि संवेदना मिळते. चकती सरकली, झीज होऊन हाडाचे टोक वाढले, अपघातात मणका मोडला किंवा क्षयाने तो पोखरला गेला, तर मुळांवर किंवा थेट मज्जारज्जूवर दाब येतो. शस्त्रक्रियेत हा दाब दूर केला जातो. त्यामुळे जी जागा मोकळी किंवा अस्थिर होते तेथे हाडाचा तुकडा बसवून वरचा आणि खालचा मणका एकजीव होतील अशी व्यवस्था केली जाते.

‘व्यवस्था केली जाते’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मणके शल्यचिकित्सक सांधत नाही. ते काम रुग्णाचे शरीर करते. आंब्याचे कलम बांधणारा माळी खोड आणि फांदी एकत्र आणून घट्ट बांधतो, पण जीव धरतो तो झाडाच्या रसाने आणि त्याला लागायचा तेवढा काळ लागतो. बसविलेल्या तुकड्यात शेजारच्या हाडातून रक्तवाहिन्या शिरतात, जुने हाड हळूहळू विरघळते आणि त्याच्या जागी नवे तयार होते. या क्रियेला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. काहींच्या बाबतीत वर्षही जाते. १९११ मध्ये तिला जेवढा वेळ लागत असे, जवळपास तेवढाच आजही लागतो. बदलत गेली ती बांधणी.

प्लास्टरमधील महिने

१८९१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे बर्थोल्ड हाड्रा यांनी मानेच्या मोडलेल्या मणक्यांची मागची टोके तारेने बांधली. मणक्यांना धातूने आधार देण्याचा हा सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. त्यानंतर वीस वर्षांनी, १९११ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी आणि रसेल हिब्ज यांनी स्वतंत्रपणे मणके सांधण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. दोघांच्याही समोर मुख्यतः मणक्यांच्या क्षयाचे रुग्ण होते. क्षयावर औषध नव्हते. मणका कोसळू नये, कुबड वाढू नये आणि पाय लुळे पडू नयेत, एवढीच शस्त्रक्रियेची मागणी होती. रुग्ण कित्येक महिने पाठीवर पडून राही. बरे होणे म्हणजे रोग जेथे आहे तेथे थांबणे, असा तेव्हाचा अर्थ होता, आणि रुग्णही तोच अर्थ मनाशी धरून रुग्णालयात दाखल होत असे.

मानेच्या बाबतीत बांधणी अधिकच अवघड होती. डोक्याचा भार सतत वर असतो आणि मान तिन्ही दिशांनी हलते. म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचे कवच चढविले जाई; रोमन देवता मिनर्व्हा हिच्या शिरस्त्राणावरून त्याला मिनर्व्हा जाकीट हे नाव पडले. उन्हाळ्यात अशा कवचात राहणे म्हणजे काय, हे झाशीच्या मे महिन्याचा अनुभव असलेल्यांना वेगळे सांगावयास नको. १९३३ मध्ये क्रचफील्ड यांनी कवटीत चिमटे बसवून वजनाने मान ताणून धरण्याची पद्धत सांगितली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी, पोलिओमुळे मानेचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांसाठी, कवटीभोवती स्क्रूंनी बसविलेले धातूचे कडे वापरले. ‘हेलो’ या नावाने ते पुढे जगभर गेले. त्यामुळे रुग्ण अंथरुणातून उठू शकला, परंतु कवटीतले स्क्रू आणि छातीवरचा सांगाडा साधारण तीन महिने सोबत राहू लागला.

याच दशकात दिशाही बदलली. बाल्टिमोर येथील रॉबिन्सन व स्मिथ यांनी १९५५ मध्ये आणि होनोलुलू येथील राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये, गळ्याच्या पुढील बाजूने चकतीपर्यंत पोहोचण्याची पद्धत मांडली. पुढून गेल्यास मानेचे मोठे स्नायू कापावे लागत नाहीत आणि मज्जारज्जूला न हलविता चकती काढता येते. कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा काढून तो मधल्या जागेत बसविला जाई. अनेक रुग्णांची तक्रार मानेपेक्षा कमरेच्या जखमेबद्दलच अधिक असे! ही पद्धत आजही मूळ रूपात टिकून आहे.

विश्रांतीवरचा विश्वास

महिनोन्‌महिने पडून राहिल्यानेच हाड जुळते, ही समजूत मोडण्यात धातूइतकाच वाटा औषधांचा आहे. क्षयावर परिणामकारक औषधे आल्यानंतर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दक्षिण कोरियातील मसान आणि पुसान येथे मणक्यांच्या क्षयाच्या रुग्णांवर तुलनात्मक चाचण्या घेतल्या. रुग्णालयात खाटेवर ठेवलेले रुग्ण आणि घरी राहून हिंडणेफिरणे करणारे रुग्ण, तसेच प्लास्टर चढविलेले आणि न चढविलेले रुग्ण, यांची तुलना करता औषधे नीट घेतली असल्यास निकालात लक्षणीय फरक पडत नाही, असे १९७३ पासून प्रसिद्ध झालेल्या अहवालांतून दिसून आले. उत्तर प्रदेशातच, वाराणसी येथे, डॉ. सु. म. तुली यांनी प्रत्येक रुग्णावर शस्त्रक्रिया न करता औषधांना प्राधान्य द्यावे आणि ठरावीक लक्षणे असतील तरच शस्त्रक्रिया करावी, असा ‘मध्यम मार्ग’ आखला. त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा असलेल्या या देशात खाटा, शस्त्रक्रियागृहे आणि शल्यचिकित्सक मोजके होते. म्हणून या मार्गाचे मोल केवळ वैद्यकीय नव्हते.

पुढच्या बाजूने पट्टी आणि स्क्रू बसविण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात व्हिएन्नात ब्योलर यांनी सुरू केले. १९८० च्या दशकात जर्मनीत कास्पार आणि स्वित्झर्लंडमध्ये मोर्शर यांनी केलेल्या सुधारणांमुळे ते सर्वत्र रुळले. माळ्याच्या बांधणीची जागा आता शरीराच्या आतच ठेवलेल्या धातूच्या पट्टीने घेतली. बाहेरचे कवच अनावश्यक होऊ लागले.

याचा परिणाम आकड्यांत पाहिला तर थोडे आश्चर्य वाटेल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, एकाच पातळीवरील शस्त्रक्रियेत केवळ हाडाचा तुकडा बसविल्यास सुमारे ९२ टक्के रुग्णांचे मणके सांधले गेले आणि पट्टी बसविल्यास सुमारे ९७ टक्के रुग्णांचे. दोन पातळ्यांच्या शस्त्रक्रियेत फरक मोठा होता. सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे साध्या प्रकरणात पट्टीने अंतिम निकालात थोडीच भर घातली. तिने दिले ते निकाल लागेपर्यंतचे दिवस. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागला, दोन-चार दिवसांत घरी गेला. एका पातळीवर पट्टी बसविलेल्या रुग्णांना कॉलर लावल्याने सांधण्याचे प्रमाण वाढत नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत आढळले. अर्थात अनेक पातळ्यांची शस्त्रक्रिया, अस्थिभंग, क्षय किंवा ठिसूळ हाडे असल्यास कॉलरचा सल्ला आजही दिला जातो, आणि तो पाळणे रुग्णाच्याच हिताचे असते.

परळहून निघालेली पद्धत

मानेच्या सर्वांत वरच्या सांध्याची कथा निराळी आहे आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधील हा सांधा मान डावीउजवीकडे वळविण्याचे जवळजवळ निम्मे काम करतो. जन्मजात दोष, अपघात, संधिवात किंवा क्षय यांमुळे तो निखळला, तर मज्जारज्जूच्या अशा भागावर दाब येतो जेथून हातापायांचीच नव्हे, तर श्वासाची सूत्रेही जातात. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथून या विकाराच्या रुग्णांविषयी मोठ्या प्रमाणावर लेखन झाले आहे, यावरून उत्तर भारतात तो किती आढळतो याची कल्पना येते. झाशी परिसरातील रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी पूर्वापार लखनौ, दिल्ली, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागे. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल झाशीवरूनच मुंबईला जाते.

या सांध्यासाठी पूर्वी दोन मणक्यांच्या मागील कमानी तारेने बांधल्या जात. १९३९ मध्ये कॅनडातील गॅली यांनी सांगितलेली ही पद्धत आणि तिच्यात नंतर झालेल्या सुधारणा पन्नास वर्षे प्रचलित होत्या. तार सांध्याचे वळणे पुरेसे रोखू शकत नसे. म्हणून रुग्णाला हेलो किंवा प्लास्टरमध्ये राहावे लागे आणि तरीही काहींची तार तुटे, हाड जुळत नसे. मुंबई महानगरपालिकेच्या परळ येथील केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल आणि डॉ. व्ही. के. लाहेरी यांनी वेगळी वाट धरली. पहिल्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या भरीव भागांत आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून ते पट्ट्यांनी जोडायचे आणि सांध्याच्या आतच हाड भरायचे, ही पद्धत त्यांनी १९९४ मध्ये एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. याच भागातून मोठी रक्तवाहिनी मेंदूकडे जाते आणि शिरांचे जाळेही असते. त्यामुळे तेथे स्क्रू घालण्यास अनेक जण धजत नसत. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्ट्यांऐवजी दांड्या वापरून हीच कल्पना मांडली आणि ती झपाट्याने जगभर पसरली. २००२ मध्ये केईएमच्या चमूने १६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आज ही पद्धत गोयल–हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. सार्वजनिक रुग्णालयाच्या, गर्दीने भरलेल्या कक्षात विकसित झालेली पद्धत परदेशी पाठ्यपुस्तकांत जाते, ही घटना नोंद घेण्याजोगी आहे.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. कवटीतील स्क्रूंसह काढावयाचे तीन महिने बहुतेकांचे टळले. मात्र त्या सांध्याचे वळणे कायमचे गेले. खालचे सांधे त्याची थोडी भरपाई करतात, लहान मुलांत अधिक; तरीही वाहन मागे घेताना खांद्यासह वळावे लागते. हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगितलेले असेल तर रुग्ण ते सहज स्वीकारतो. न सांगितलेले असेल तर त्याला तेच अपयश वाटते.

एकाच कक्षातील दोन रुग्ण

अपेक्षांचा खरा घोळ होतो तो दोन वेगळ्या आजारांना एकच मोजपट्टी लावल्यामुळे. उदाहरणादाखल शेजारच्या खाटांवरील दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणावेत. एकाला मज्जातंतूच्या मुळावर दाब आहे. मानेतून निघून अंगठ्यापर्यंत जाणारी तीव्र कळ त्याला झोपू देत नाही. दुसऱ्याला कळ फारशी नाहीच. त्याची बोटे जड झाली आहेत, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, चालताना पायातली चप्पल निसटते आणि ती निसटल्याचे कळत नाही. त्याच्या मज्जारज्जूवर दाब आहे. दोघांवर होणारी शस्त्रक्रिया बाहेरून सारखीच दिसते. गळ्यावरचा छेद तोच, पट्टी तीच, घरी जाण्याचा दिवसही बहुधा तोच.

पहिला रुग्ण शुद्धीवर येतानाच अनेकदा म्हणतो की हाताची कळ गेली. पण त्याच्या बाबतीत दुसरी गोष्टही खरी आहे. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना शस्त्रक्रियेविनाही आराम पडतो. अमेरिकेतील रोचेस्टर येथील ५६१ रुग्णांच्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्शावरच शस्त्रक्रिया झाली होती आणि अखेरच्या तपासणीत ९० टक्के रुग्णांना त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया, भौतिकोपचार आणि कॉलर या तीन गटांची तुलना झाली. चार महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, वर्षाअखेर फरक उरला नव्हता. म्हणजे अशा रुग्णाला शस्त्रक्रिया मुख्यतः वेळ मिळवून देते. हाताचे बळ घटत असेल किंवा कळ असह्य आणि चिवट असेल, तर हा वेळ मोलाचा ठरतो. अन्यथा सहा ते बारा आठवडे थांबणे शहाणपणाचे.

दुसऱ्या रुग्णाचे गणित उलटे आहे. मज्जारज्जूवरील दाब काढला म्हणजे मुख्यतः पुढची हानी थांबते. गेलेले किती परत येईल, हे दाब किती काळ आणि किती तीव्र होता यावर अवलंबून असते. सुधारणा होते, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, नंतर मंदगतीने वर्ष-दोन वर्षांपर्यंत. पण दोन वर्षे अडखळत चालणारा माणूस पूर्वीसारखा धावेल, हे वचन कोणी देऊ नये. मध्यम आणि तीव्र दाबाच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी, अशी शिफारस २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत आहे. अडचण निदानाची आहे. इस्रायलमधील एका छोट्या पाहणीत (२०१३) पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले. तेही आरोग्यसेवा सहज उपलब्ध असलेल्या देशात. कळ नसल्यामुळे रुग्ण येत नाही आणि आला तर ‘वय झाले’, ‘वात आहे’, ‘अशक्तपणा आहे’ असे म्हणून शक्तिवर्धक गोळ्या दिल्या जातात. केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेण्याची सवय तर सर्वत्र आहे. ज्याच्या मज्जारज्जूवर आधीच दाब आहे त्याने तो धोका मुळीच पत्करू नये.

दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता आणि मिटता येते, ही साधी तपासणी गावपातळीवरही करता येते. निरोगी माणूस ती वीस वेळा सहज करतो. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला ती एका दुपारी शिकविता येईल.

घरी गेल्यानंतर

चार दिवसांत घरी पाठविलेला रुग्ण बरा होऊनच आला, असे गावाला वाटते. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात गिळताना त्रास होणे अगदी सामान्य आहे. पुढील बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर एका महिन्याने निम्म्या रुग्णांना आणि वर्षाने आठांपैकी एकाला तो काही प्रमाणात जाणवतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत आढळले. काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो. पोळी-भाकरीऐवजी काही आठवडे मऊ भात, खिचडी, दलिया घ्यावा लागतो. विडी आणि तंबाखू हाड जुळण्याच्या आड येतात, हे तर स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, कारण बुंदेलखंडात तेंदूपत्ता जंगलातून येतो आणि विडी घरोघरी पोहोचते. पुढची गोष्ट अधिक दूरची आहे. सांधलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या चकत्यांवर भार वाढतो. १९९९ मध्ये हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांचा अभ्यास करून दाखविले, की दर वर्षी सुमारे ३ टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू होतो. दहा वर्षांत हे प्रमाण चौथ्या हिश्शापर्यंत जाते. तो शस्त्रक्रियेचा परिणाम किती आणि मूळच्या झिजेचा किती, हा वाद मिटलेला नाही. हालचाल टिकविणाऱ्या कृत्रिम चकत्या २००७ पासून अमेरिकेत मान्यता मिळून वापरात आल्या, त्या याच चिंतेतून. त्यांचा खर्च आणि त्यांसाठी लागणारी रुग्णनिवड पाहता जिल्हा पातळीवर त्यांचा विचार आज तरी गौण आहे.

कामावर परतण्याची मुदत हा तर सर्वस्वी कामाच्या स्वरूपाचा प्रश्न. परदेशी पुस्तकांत दोन ते सहा आठवड्यांनी कामावर, असे लिहिलेले असते. ते खुर्चीवरच्या कामाबद्दल असते. झाशीच्या रेल्वे वॅगन कारखान्यातील किंवा १९७४ पासून चालू असलेल्या ‘भेल’च्या कारखान्यातील कायम कामगाराला वैद्यकीय रजा असते आणि परतल्यावर हलके काम मागता येते. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. हाड जुळण्याच्या किमान मुदतीशी हा आकडा बरोबर जुळतो. खडी फोडणाऱ्या मजुराला आणि शेतमजूर स्त्रीला यांपैकी काहीच नाही. तिला सहाव्या आठवड्यातच हंडा उचलावा लागतो. घरी नळ आला, तर ती उचलणार नाही. जल जीवन अभियानाचा (२०१९) मानेच्या मणक्यांशी असा थेट संबंध आहे. डोक्यावर ओझे वाहणे अनेक शल्यचिकित्सक कायमचे बंद करावयास सांगतात. स्थानकावरच्या हमालाला हा सल्ला म्हणजे व्यवसाय बदला, असे सांगणे होय.

शस्त्रक्रियेच्या खर्चाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि मणक्यांच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबविली जाते. या योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरला जातो. रोपण, पट्टी, स्क्रू, भूल, खाट यांची सोय झाली. पण हाड जुळण्याचे तीन महिने आणि मज्जारज्जू सावरण्याचे सहा महिने यांचा बहुतेक भाग या १५ दिवसांच्या पलीकडे पडतो. हात पुन्हा चालता करण्याचे, तोल सावरून चालावयास शिकविण्याचे काम त्याच काळात व्हावयाचे असते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच सुरू झाले आणि हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये उभी राहिली. लहान शहरांत मात्र ही सेवा विरळच राहिली. भौतिकोपचारासह अनेक पूरक व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला.

प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात दर्जावाढीसाठी निवडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत झाशीचाही समावेश होता. शस्त्रक्रिया घराजवळ होऊ लागली की सर्वांत मोठा फरक पडतो तो फेरतपासणीत. लखनौ झाशीपासून सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि दिल्ली चारशे. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष, अशा चार खेपा रुग्णाने कराव्यात असे कागदावर लिहून दिलेले असते. रोजंदारीवरच्या माणसाबरोबर आणखी एक माणूस जातो, दोघांची मजुरी बुडते, आणि कळ थांबलेली असेल तर तिसरी खेप होतच नाही. क्ष-किरण चित्र मात्र झाशीत, ललितपुरात किंवा उरईतही काढता येते. ते दूरध्वनीद्वारे मोठ्या रुग्णालयास दाखवून घेण्याची सोय २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेमुळे आवाक्यात आली आहे. रुग्णालय सोडताना हातात दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या नावांखाली आणखी तीन ओळी हिंदीत लिहिल्या जाव्यात. मणके जुळले की नाही हे कोणत्या महिन्यात पाहावयाचे, तोपर्यंत किती वजन उचलावयाचे, आणि हाताची पकड किंवा चाल पुन्हा बिघडू लागली तर कोणाकडे यावयाचे.